गळ्याशी ठोका बारीक का झाला?

(१९८८च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना जे दाखवलं ते इथे शब्दांत लिहिलं आहे.)



'बँकेतून बाहेर पडून थ्रीडी डिझायनर झालेली आपली मैत्रीण' अशी माझी ओळख आत्ता करून दिली गेली. ऐकायला बरं वाटलं. पण मी डिझायनर वगैरे नाही. मी तांबटाची मुलगी आहे, चोवीस वर्षं सहकारी बँकेत काउंटरवर बसले आणि वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी कॉम्प्युटरवर भांडी काढायला शिकले. ते का शिकले आणि शिकताना काय चुकलं, एवढंच मला सांगायचं आहे. संयोजकांनी पंधरा मिनिटं दिली आहेत. चित्रकलेचे सर पहिल्याच रांगेत बसलेत, त्यामुळे वेळेच्या बाहेर जायची माझी हिंमत नाही.

सुरुवात सरांपासूनच करते. नववीत आपण इंटरमिजिएटच्या परीक्षेची तयारी करत होतो. आठवतं ना? स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि भूमितीचा तो पेपर, ज्यात आपल्यातले निम्मे रडकुंडीला यायचे. एकदा सरांनी टेबलावर मातीचा घडा ठेवला आणि म्हणाले, घडा काढा, आणि त्यावर तुमच्या मनाची नक्षी काढा. मी जीव ओतून कमळांची वेलबुट्टी काढली. सरांनी दहापैकी चार गुण दिले आणि खाली लाल पेन्सिलीनं लिहिलं, 'फुले कागदावर आहेत, घड्यावर नाहीत.'

मला तेव्हा ते अजिबात कळलं नाही. घरी जाऊन रडले. सगळी फुलं सारखी आली होती, एकही पाकळी वाकडी नव्हती, मग चारच का? सर, ते कळायला मला बत्तीस वर्षं लागली. ते कसं कळलं, त्याचीच ही गोष्ट.

आमचं घर कसब्यातल्या तांबट आळीत. तुमच्यातले बरेच जण शाळेत येताना त्या आळीतून येत असत आणि कानावर हात ठेवत असत. पेशवाईच्या काळात कोकणातून पुण्यात आलेली ही तांबट मंडळी. बंब, घंगाळं, हंडे, कळश्या, पातेली सगळं तिथे घडायचं. माझ्या लहानपणी सकाळी जाग यायची ती ठोक्यांनी. आमचे आण्णा हातोडा मारायला बसले की आई चहा टाकायची. ठोके थांबले की तो गाळायची.

बाहेरच्या माणसाला तांब्याच्या भांड्यावरचे ते चमकणारे चपटे ठोके म्हणजे नक्षी वाटते. आम्ही त्याला मठारकाम म्हणतो. पण ते नुसतं शोभेसाठी नसतं. तांबं तापवून लाल केलं आणि पाण्यात विझवलं की मऊ पडतं. मऊ असताना त्याला आकार देता येतो, पण तसंच ठेवलं तर भांडं नुसतं दाबलं तरी पोचा पडतो. ठोकलं की तांबं कठीण होत जातं. म्हणून आकार झाल्यावर शेवटी सगळ्या अंगावर ओळीनं ठोका घालायचा, एक ठोका दुसऱ्याला किंचित चाटून गेला पाहिजे. त्यानं भांडं ताठ होतं, पत्र्याची लहानसहान उंचसखल जागा बसते, आणि मग ते चमकतंसुद्धा. चमक शेवटी येते. हे मला आज सांगता येतं. तेव्हा माहीत नव्हतं, कारण मुलींनी हातोडा धरायचा नाही अशी घरातली रीत होती. आई, मी आणि पुढे वहिनी, आमच्याकडे चिंचेनं भांडी घासून उजळायचं काम. दादा आठवीपासून आण्णांच्या शेजारी बसला. मी वाणिज्य शाखेला गेले आणि बँकेत लागले. सरांनी आण्णांना सुचवलं होतं की हिला चित्रकलेला पाठवा. आण्णांनी हात जोडून 'बघू' म्हटलं. आपल्याकडे त्या 'बघू'चा अर्थ काय असतो, ते सगळ्यांना माहीत आहे.

२०१८च्या पावसाळ्यात आण्णांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणंही हळूहळू परत आलं, पण उजवा हात गेला. ज्या माणसानं साठ वर्षं हातोडा उचलला, त्याला चमचा उचलता येईना. तेव्हा आमच्या लक्षात आलं की आण्णांच्या भांड्यांचं एकही चित्र, एकही लिहिलेलं माप घरात नाही. काही काड्या होत्या, त्यांवर खुणा केलेल्या. कुठली खूण कळशीच्या गळ्याची आणि कुठली हंड्याच्या बुडाची, ते त्यांनाच ठाऊक. दादाला रोजची भांडी यायची, पण आण्णांची जुन्या घाटाची कळशी, जिचा पोटाचा उतार बघून लोक 'ही तुमच्या आण्णांची' असं ओळखायचे, ती दादालाही तंतोतंत जमायची नाही. दुकानात तशी एकच उरली होती. आणि दादाच्या मनात दुकान बंद करून ती जागा भाड्यानं द्यायचं चाललं होतं. त्यात त्याची काही चूक नव्हती. घरात खाणारी पाच तोंडं आहेत.

मी बँक सोडली ती त्याच वर्षी. मला वाटलं, निदान मापं तरी धरून ठेवावीत. माझा भाचा तेव्हा डिप्लोमाला होता. तो म्हणाला, "आत्या, कागदावर कशाला? थ्रीडीत कर." त्यानं माझ्या लॅपटॉपवर ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. ते फुकट मिळतं. २००२ पासून ते सगळ्यांसाठी खुलं आहे, म्हणून बँकेतून बाहेर पडलेल्या बाईलासुद्धा परवडतं. उघडलं की मधोमध एक करडा ठोकळा दिसतो. पहिले पंधरा दिवस मी त्या ठोकळ्याभोवती नुसती फिरत होते. भाचा वैतागून म्हणायचा, "आत्या, माउसचं मधलं बटण!"

मग एक दिवस भाच्यानं मला एका किटलीची गोष्ट सांगितली. अमेरिकेत युटा विद्यापीठात १९७५ साली मार्टिन न्यूएल नावाच्या संशोधकाला कॉम्प्युटरवर काढून बघायला एखादी वस्तू हवी होती. त्यानं काय निवडलं? मोटार नाही, विमान नाही. घरातली चहाची किटली. कागदावर तिची कड काढली, त्यावरून आकडे घेतले आणि मशिनला दिले. पुढे जगभरच्या लोकांनी प्रकाश, सावली, चकाकी तपासायला तीच किटली वापरली. तिला पहिल्यांदा बूड नव्हतं, ते नंतर कुणीतरी बसवलं. मी हे आण्णांना सांगितलं. अंथरुणावर पडल्या पडल्या ते हसले. म्हणाले, "बुडाशिवाय भांडं? आम्ही बुडापासून सुरुवात करतो."

त्या गोष्टीनं मला धीर आला. न्यूएलनं जे केलं तेच मला करायचं होतं. उभ्या भांड्याची एका बाजूची कड, बुडापासून ओठापर्यंत, एवढी एक रेघ काढायची आणि ती मधल्या आसाभोवती पूर्ण फिरवायची. भांडं उभं राहतं. रेघ मात्र खरी पाहिजे. गणिताच्या बाई इथे आहेत म्हणून सांगते. मी आण्णांची शेवटची कळशी पाटावर ठेवली, दर दोन सेंटिमीटर उंचीवर दोरा गुंडाळला, दोऱ्याची लांबी मोजली, तिला ३.१४ नं भागून व्यास काढला, व्यासाची निम्मी त्रिज्या. बाई, परीघ बरोबर २πr, आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडला! सतरा ठिकाणचे आकडे मिळाले. ते बिंदू जोडून रेघ काढली, फिरवली, आणि पडद्यावर आण्णांची कळशी उभी राहिली. तशीच. पोटाचा तो उतारसुद्धा. मी वहिनीला हाक मारून दाखवली. ती म्हणाली, "ताई, ही तर घासलेलीच आहे."

हो. घासलेली होती, पण मठारलेली नव्हती. अंग अगदी गुळगुळीत. आता त्यावर ठोके हवे होते.

इथून खरी शिकवणी सुरू झाली. कॉम्प्युटरमधल्या वस्तूवर नक्षी कशी चढते, हे सोप्या भाषेत सांगते. संत्र्याचं साल सोलून टेबलावर सपाट पसरलं, असं समजा. त्या सपाट सालावर चित्र काढायचं आणि साल परत संत्र्याला गुंडाळायचं. वस्तूच्या लांबी, रुंदी, उंचीला एक्स, वाय, झेड ही अक्षरं आधीच वापरलेली असतात, म्हणून सालावरच्या दोन दिशांना यू आणि व्ही म्हणतात. या प्रकाराला यू-व्ही उलगडणं असं नाव आहे. चित्र असं वस्तूवर चढवण्याची रीत त्याच युटा विद्यापीठात एड कॅटमल यांनी १९७४च्या आपल्या प्रबंधात मांडली. पुढे ते पिक्सार कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. मुलांबरोबर आपण सगळ्यांनी जे खेळण्यांचे सिनेमे पाहिले, ते त्याच कंपनीचे.

मी तेच केलं. कळशीचं साल काढलं. चौकोनी साल मिळालं. त्यावर ओळीनं ठोक्यांचं चित्र टाकलं, एका ओळीत अठ्ठ्याहत्तर, आणि ते गुंडाळलं. भारी दिसलं. प्रकाश टाकल्यावर तर झगमगायला लागलं. मी लॅपटॉप घेऊन आण्णांच्या खाटेशी गेले. मनात म्हटलं, आता शाबासकी मिळणार.

आण्णांनी बराच वेळ बघितलं. मग डाव्या हाताचं बोट पडद्यावर गळ्याशी टेकवलं आणि विचारलं, "इथं ठोका बारीक का झाला? हातोडा बदललास?"

मला उत्तर देता येईना. मी पुन्हा बघितलं. पोटावर ठोके मोठे, गळ्याशी चेपलेले, बुडाच्या मध्याशी तर सगळे एका टिंबात जाऊन गोळा झालेले. असं का, ते तुम्हीही हिशेब करून बघा. कळशीच्या पोटाचा व्यास ३० सेंटिमीटर, म्हणजे घेर ९४. एक ठोका १२ मिलिमीटरचा धरला तर पोटावर साधारण ७८ ठोके बसतात. गळ्याचा व्यास १२ सेंटिमीटर, घेर पावणेअडतीस. तिथे बसतात ३१. मी मात्र गळ्यालाही ७८च घातले होते, कारण माझं साल चौकोनी होतं. म्हणून गळ्याशी ठोका पाच मिलिमीटरसुद्धा उरला नाही. हातोडा तर एकच आहे. त्याचं तोंड गळ्याशी लहान कसं होईल?

त्या रात्री मला सरांची लाल पेन्सिल आठवली. फुलं कागदावर आहेत, घड्यावर नाहीत. माझी नववीतली कमळंही अशीच होती. घड्याचं अंग वळून मागे जातं तिथेही ती समोर बघत होती. बत्तीस वर्षांनी मी तीच चूक केली होती, फक्त या वेळी लॅपटॉपवर.

मी आण्णांना विचारलं, "पोटावर ७८ आणि गळ्याशी ३१, मग मधले ४७ जातात कुठे? ओळीमागे किती कमी करायचे?" ते म्हणाले, "कोण मोजतंय? ओळ नवीन सुरू होते. मागच्या ठोक्याला चाटून पुढचा मारायचा. जागा संपली की ओळ संपली." म्हणजे सालावर चित्र काढून चालणार नव्हतं. बुडाच्या मध्यापासून सुरू करून, एकेक ओळ, त्या उंचीवरच्या घेरात जेवढे मावतील तेवढे ठोके बसवत वर जायचं होतं. हातानं जसं करतात तसंच. मी तसं केलं. तीन महिने लागले, त्यातले दोन नुसते चुकण्यात गेले.

दुसरी चूक दादानं पकडली. तो तोवर या सगळ्या प्रकाराकडे बघायलाही तयार नव्हता. एकदा पाणी प्यायला आत आला, सहज पडद्याकडे बघून म्हणाला, "मध्ये ठोके दिसतात, कडेला कुठं गेले? कड तर सुरीनं कापल्यासारखी आहे." झालं होतं असं की, मी ठोक्यांचा नुसता भास वापरला होता. जिम ब्लिन यांनी १९७८मध्ये शोधलेली ही युक्ती आहे. अंग सपाटच ठेवायचं, पण प्रकाश असा वळवायचा की डोळ्याला उंचसखल वाटावं. सिनेमाला, खेळांना ते पुरतं. पण वस्तूची बाहेरची कड खोटं बोलत नाही. खरं मठारलेलं भांडं उजेडासमोर धरलं की त्याची कड बारीक बारीक तुटलेली दिसते. दादाला ते शिकवावं लागलं नव्हतं. मग मी भास काढून टाकला आणि अंगच खरोखर खाली-वर केलं. त्या दिवसापासून दादा रोज पाणी प्यायला आत यायला लागला.

आता जे सांगणार आहे ते सांगावं की नाही, यावर घरी दोन दिवस चर्चा झाली. दादाच म्हणाला, सांग.

कळशी जमल्यावर मी एक नवीन वस्तू केली. घंगाळ उलटं टांगलं तर कसं दिसेल, या कल्पनेतून दिव्याची अर्धगोल शेड. चाळीस सेंटिमीटर रुंद. दादानं एक घडवली आणि ती फार सुंदर झाली. तिचे फोटो एका मोठ्या दुकानवाल्यांपर्यंत गेले आणि त्यांनी साठ शेड हव्यात म्हणून कळवलं. एका शेडवर साधारण १,७०० ठोके. साठांचे लाखाच्या वर झाले. दादानं हिशेब केला, शेजारच्या दोघा कारागिरांना सांगून ठेवलं, दुकान भाड्यानं द्यायचा विषय बंद झाला. वहिनीनं त्या आनंदात पुरणपोळ्या केल्या.

त्यांनी म्हटलं, आमच्या लोकांना मंजुरीसाठी फाइल लागेल. मी पाठवली. पूर्ण फाइल, प्रत्येक ठोक्यासकट. चोवीस वर्षं बँकेत लोकांना 'सही करण्यापूर्वी वाचा' असं सांगणारी मी, एका ओळीचाही करार न करता पाठवून मोकळी झाले. मला खरं तर अभिमान वाटत होता की माझी फाइल कुणीतरी मागितली.

ऑर्डर आली नाही. 'अजून विचार चालू आहे' असं दोनतीनदा उत्तर आलं, मग तेही थांबलं. पाच महिन्यांनी मी आणि वहिनी एका प्रदर्शनात गेलो होतो. तिथे छतावरून अकरा शेड लटकत होत्या. साच्यात दाबलेला पातळ पत्रा, तांब्याचा रंग दिलेला. किंमत आमच्या निम्म्याहूनही कमी. मला वाटलं, असेल कुणाची तरी तशीच कल्पना. मग मी जवळ जाऊन बघितलं. फाइल करताना ओठाखालच्या तिसऱ्या ओळीत माझा एक ठोका राहून गेला होता. ती मोकळी जागा मला नंतर दिसली होती, पण दुरुस्त करायचं राहिलं होतं. त्या अकराही शेडवर, त्याच जागी, तीच मोकळी जागा होती.

घरी येऊन दादाला सांगताना माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. तो काहीच बोलला नाही. हातोडा खाली ठेवला आणि आळीच्या टोकापर्यंत जाऊन आला. त्या दोघा कारागिरांना 'काम नाही' सांगायला तोच गेला होता. मी जायला हवं होतं.

मी तेव्हा लॅपटॉप कपाटात ठेवून दिला. वाटलं, आपण आण्णांचा हात वाचवायला निघालो आणि दादाचाच हात विकून आलो. सहा आठवडे मी तो उघडला नाही. मग आण्णांनीच विचारलं, "ते कळशीचं काय झालं?" मी म्हटलं, "आण्णा, आता नको ते." ते म्हणाले, "तुझ्या त्या अकरांवर जागा एकाच ठिकाणी मोकळी होती ना? मग ते आमचं काम कसं होईल? आमच्यात रोज वेगळ्या ठिकाणी चुकतं."

त्यांनी ते माझी समजूत काढायला म्हटलं असेल. पैसे तर गेलेच होते. पण त्यातून मला कामाची रीत सापडली. आज आम्ही असं करतो. आकार कॉम्प्युटरवर. बुडापासून ओठापर्यंतची रेघ, उंची, व्यास, पत्र्याची जाडी, सगळं मोजून. गिऱ्हाइकाला पडद्यावर फिरवून दाखवता येतं. ओठ थोडा बाहेर हवा, बूड रुंद हवं, हे तांबं न वाया घालवता आधीच ठरतं. पूर्वी नमुन्याची दोनतीन भांडी मोडीत जायची, ती आता जात नाहीत. त्या रेघेवरून लाकडी फर्मा करून घेतो, त्यावर मशिननं पत्रा चढवून आकार येतो. पण अंगावरचे ठोके फाइलमध्ये जात नाहीत. त्यासाठी दादानं वीतभर तांब्याच्या पट्ट्या मठारून ठेवल्यात. मोठा ठोका, बारीक ठोका, लांबट ठोका. गिऱ्हाइकानं त्या हातात घेऊन निवडायच्या. आणि पहिल्या फोनलाच मी कराराचा कागद काढते. बँकेतली सवय उशिरा का होईना, उपयोगाला आली.

यानं आमचं दुकान फार मोठं झालं, असं नाही. पण ते चालू आहे. सांगून ठेवलेल्या त्या दोघा कारागिरांपैकी एक जण आता दादाच्या शेजारी बसतो. दुसरा रिक्षा चालवतो. रस्त्यात भेटला की मी आधी मान खाली घालते.

आण्णा गेल्या वर्षी गेले. त्यांच्या काड्यांवरच्या खुणांपैकी चौदा आकारांची मापं त्यांनी मला सांगितली, ती सगळी काढून झाली. दोन काड्या तशाच राहिल्या. त्या कशाच्या, ते त्यांनाही शेवटी आठवत नव्हतं.

आता तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी माळ्यावर आजीचं एखादं घंगाळ, हंडा, तांब्या पडलेला असेल. फ्लॅट बदलताना आपण ते किलोवर मोडीत घालतो. घालायला माझी हरकत नाही, जागा कुणालाच पुरत नाही. पण घालण्यापूर्वी एक दिवस ते मला द्या. दोरा, पट्टी आणि अर्धा तास लागतो. त्याचा आकार राहील.

आणि मुख्याध्यापकांशी मी बोलले आहे. येत्या जूनपासून शनिवारी सकाळी, शाळेच्या संगणक कक्षात, नववीच्या मुलामुलींना मी हे शिकवणार आहे. भाचाही येणार आहे, कारण माउसचं मधलं बटण अजून माझ्याकडून चुकतं. मुलांनी घरातलं एक भांडं आणायचं. आधी डोळे मिटून ते हातानं चाचपायचं. मग दोऱ्यानं मोजायचं, कागदावर कड काढायची, आणि त्यानंतर कॉम्प्युटर. नक्षी सगळ्यात शेवटी, आणि ती करताना प्रत्येकाला मी आण्णांचा प्रश्न विचारणार आहे, इथे बारीक का झाली? वर्गात मुलींनाही हातोडा द्यायचा, ही अट दादानं घातली आहे. पहिले चार शनिवार तो स्वतः ऐरण घेऊन येणार आहे. शेजारच्या वर्गातल्या शिक्षकांची मी आत्ताच माफी मागून ठेवते.

सर, तुमची तब्येत साथ देत असेल तर एखाद्या शनिवारी या. तुम्ही बसायला हवे आहात. लाल पेन्सिल मी आणून ठेवीन.

मागच्या टेबलावर एक लहान घंगाळ ठेवलं आहे. जाताना हात लावून बघा. आकार आण्णांचा आहे, ठोके बहुतेक दादाचे. बुडाशी दोन ओळी वाकड्या गेल्या आहेत, त्या माझ्या. एकावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा हातोडा धरला, सांभाळून घ्या.